पद्मिनीची मागची पेटी गंजली आणि डिफरन्शल ओरडतंय, आधी कशाला हात घालू?

निळी_पद्मिनी | ५ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

गाडी १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी नवी घेतलेली. आम्ही परळला, हिंदमाताच्या अगदी जवळ राहतो. म्हणजे गाडीने किती पाणी पाहिलंय ते मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सीटच्या वर पाणी होतं. इंजिन, वायरिंग, सीटं सगळं तेव्हा करून घेतलं. मागच्या ॲक्सलचं तेल बदललं की नाही, ते मात्र बाबांना आठवत नाही. पुढे सात वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी होती. दोन वर्षांपूर्वी मी ती परत चालू केली.

तक्रार अशी. ताशी ५० च्या पुढे गेलं की मागून हुंकारल्यासारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दिला की वाढतो, सोडला की कमी होतो. पहिला गियर टाकून क्लच सोडला की मागे 'ठक्' होतं. शिवाय गाडी डाव्या बाजूला मागून दोन बोटं खाली बसलेली दिसते. गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने न उघडताच सांगितलं, "डिफरन्शल गेलंय." भंगारातला अख्खा गुल्ला (मागच्या ॲक्सलच्या पोटातलं, दातेरी चाकांचं पूर्ण डिफरन्शल) आणून बसवला. चारशे किलोमीटर गाडी गप्प होती, मग तोच आवाज, उलट जास्त मोठा.

काल दुसऱ्या मेकॅनिकने मागचं सीट उचललं, खालचं काळं डांबर खरवडलं आणि डाव्या पाट्याचा (मागच्या स्प्रिंगचा) पुढचा हँगर तळाखालच्या ज्या पोकळ पेटीला जोडलाय तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो सरळ आत गेला. बोटभर नाही, मुठीपर्यंत.

गेल्या सोमवारी शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि मला एवढंच विचारलं, "आपली राहील ना?" मला ही गाडी ठेवायचीच आहे. आधी डिफरन्शल करू की पेटी? आणि पेटी करायची तर कशी?

---

टॅक्सीपुत्र | ५ नोव्हेंबर, रात्री ११:२५

भाऊ, बातमीने माझ्याही घरात असंच झालं. माझ्या वडिलांनी काळी-पिवळी फियाट छत्तीस वर्षं चालवली, ताडदेव आरटीओची. वीस वर्षांची मर्यादा आली तेव्हा पहिली गाडी मोडीत गेली आणि ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तुमच्या प्रश्नाबद्दल एकच सांगतो. हुंकार आणि ठक् हे दोन वेगळे आजार असू शकतात. वडील सांगायचे, ठक् आला की आधी खाली शिरून प्रोपेलर शाफ्टचे (गियरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने पिळून बघ, मग पाट्यांचे यू बोल्ट बघ, मग सेंटर बोल्ट. डिफरन्शल सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात महाग.

---

रोखठोक_अंधेरी | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

एवढा विचार कशाला करताय? पेटीवर पाच मिलीमीटरची प्लेट ठेवा, चारी बाजूंनी आर्क वेल्डिंग मारा, वर डांबर फासा. माझ्या मेहुण्याच्या ॲम्बेसिडरला असंच केलं, अजून चालतेय. गुल्ला कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसरा शोधा. दोन दिवसांचं काम आहे.

---

अप्पा_लालबाग | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

मी बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ॲक्सलच्या कामावर. बसचं डिफरन्शल पद्मिनीच्या कितीतरी पट मोठं, पण दात्यांचा धर्म एकच.

बाळा, आधी पेटी. कारण सांगतो, नीट वाच.

तुझ्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. बॉडी आणि तळाचा पत्रा मिळून एकच डबा आहे, आणि त्या तळाला खालून पोकळ पेट्या जोडल्या आहेत. मागचा ॲक्सल दोन पाट्यांवर टांगलेला आहे. लोकांना वाटतं पाटा म्हणजे फक्त धक्के खाणारी स्प्रिंग. पण तुझ्या गाडीत ॲक्सल जागेवर धरून ठेवायला पाट्यांशिवाय दुसरं काहीच नाही. चाक रस्त्याला ढकलतं, ती सगळी ढकल पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून हँगरला आणि हँगरमधून पेटीला जाते. गाडी पुढे जाते ती त्या एका बोल्टवर. पेटी कुजली की प्रत्येक पिकअपला डावं चाक थोडं पुढे सरकतं, ब्रेक लावला की मागे येतं. ॲक्सल तिरका होतो, पिनियनचं (शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) नाक वर उचलतं, शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस थरथरायला लागतो. ती थरथर सगळ्यात आधी पिनियनच्या बेअरिंगला मारते. बेअरिंग ढिलं झालं की पिनियन क्राऊनपासून, म्हणजे ते ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं त्यापासून, हलतं आणि दाते ओरडायला लागतात.

म्हणून तुझा दुसरा गुल्ला चारशे किलोमीटरमध्ये गेला. तिसराही जाईल.

पण उलटंही सांगून ठेवतो. पेटी पक्की केली म्हणून खराब झालेले दाते आपोआप गप्प बसणार नाहीत. दोन्ही कामं करावी लागतील, क्रम एवढाच.

आज एक कर. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लाव. स्टिअरिंग सरळ हवं. या गाडीचा व्हीलबेस २३४० मिलीमीटर. दोन्ही आकडे इथे लिही.

---

वागळे_फॅब | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

अप्पांशी शंभर टक्के सहमत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, पत्र्याच्या कामाबद्दल लिहिते.

रोखठोक, पाच मिलीमीटरच्या प्लेटबद्दल कळकळीने सांगते, नका सुचवू. जुन्या पातळ पत्र्यावर इतकी जाड प्लेट ठेवून आर्क मारला की पातळ पत्रा आधी जळतो. भोकं पडतात, मग ती भरायला आणखी माल ओतला जातो. वरून काम मजबूत दिसतं. पण प्लेट वाकत नाही आणि शेजारचा पत्रा वाकतो, म्हणून सगळा ताण प्लेटच्या कडेवर येतो. तडा बरोबर तिथे, वेल्डच्या एका बोटावर जातो. आणि दोन पत्र्यांच्या मधे कुजका गंज तसाच राहतो, तो मुंबईच्या हवेत थांबत नाही. चार वर्षांनी प्लेटसकट हँगर हातात येतो.

बरोबर पद्धत एकच: कुजलेलं सगळं कापून चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचं, आणि जेवढं काढलं तेवढंच, त्याच आकाराचं बनवून बसवायचं. जाडीसाठी शाबूत जागेवर व्हर्नियर लावा. तेवढीच जाडी किंवा फार तर एक गेज वर. सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा घ्या. जीआय नको, त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत जातो आणि वेल्डही सच्छिद्र होतो. वेल्डिंग सीओटू गॅसचं, अखंड रेघ न मारता एक-एक इंच, जागा बदलत, म्हणजे तळ वाकणार नाही.

कापण्याआधी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब न्या. नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा.

---

निळी_पद्मिनी | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

अप्पा, मोजलं. उजवी बाजू २३३९, डावी २३२५. तीन वेळा मोजलं, तेच येतंय. चौदा मिलीमीटर!

इमारतीच्या वॉचमनने आणखी एक दाखवलं. पाणी मारलेल्या फरशीवरून मी गाडी सरळ नेली, तर मागच्या टायरचे ओले पट्टे पुढच्या पट्ट्यांवर पडत नाहीत, थोडे बाजूला पडतात. इतकी वर्षं गाडी डावीकडे ओढते म्हणून मी पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करत राहिलो.

---

अप्पा_लालबाग | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मग संशय उरलाच नाही. आता ती गाडी रस्त्यावर काढू नकोस. गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवर. हँगर पूर्ण सुटला तर ॲक्सल वळतो आणि ब्रेकची नळी तुटते. पुलावर, मागे डंपर असताना असं झालेलं मी पाहिलंय.

---

सावंत_आरटीओवाले | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मी एजंट नाही, नावावर जाऊ नका, कागदपत्रांची आवड आहे म्हणून हे नाव. तीन मुद्दे.

एक, बॉडीचा जो पत्रा कापाल त्यावर चॅसी नंबर ठोकलेला नाही ना, हे कापण्याआधी डोळ्यांनी खात्री करा. तो नंबर कापणं, घासणं, दुसरीकडे जोडणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. कामाआधी, कापताना, नंतर असे फोटो काढून ठेवा.

दोन, गाडी १९८३ ची म्हणजे चाळीस वर्षांची. २०२१ च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांनंतरच मिळते, ती तुम्हाला २०३३ ला. आणि ती घ्यायची का, याचाही विचार करा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

तीन, तोपर्यंत दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्या तपासणीत खालून बघतात. वेल्ड स्वच्छ असेल तर प्रश्न येत नाही. डांबर फासून लपवलेलं असेल तर अधिकारी नेमकं तिथेच टोकतो.

---

रोखठोक_अंधेरी | ८ नोव्हेंबर, दुपारी १:००

वागळेताई, तुमचं वाचून मेहुण्याला गाडी वर घेऊन बघायला सांगितलं. प्लेटच्या मागच्या कडेला केसाएवढी तडा आहे. मी माझा सल्ला मागे घेतो. धागाकर्त्यांनी तो वाचून काही केलं नसेल तर बरं.

---

वागळे_फॅब | ८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

इथे येऊन सांगितलंत, फार चांगलं केलंत. तडेच्या दोन्ही टोकांना आत्ताच बारीक भोक पाडून ठेवा, ती पुढे धावणार नाही. पण तो उपाय तात्पुरता. प्लेट काढावी लागेल.

---

निळी_पद्मिनी | ३ डिसेंबर, रात्री ११:००

कामाला सुरुवात झाली. शिवडीच्या एका शेडमध्ये जागा मिळाली, पत्र्याचं काम करणारे मिस्त्री साठीचे आहेत, आयुष्यभर फियाटच केल्यात. वागळेताईंचा सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलतात, पण आधी गाडी सरळ उभी करू."

शेडची जमीन सपाट नव्हती. त्यांनी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी आणली, चार कोपऱ्यांना पाणी एका पातळीत येईपर्यंत घोड्यांखाली (गाडी उचलून ठेवायच्या स्टँडखाली) फळ्या सरकवल्या. (घोड्या नुसत्या पेव्हर ब्लॉकवर ठेवू नका मंडळी, एक पाय खचला की खेळ संपला. खाली जाड प्लाय हवाच.) मग दोन्ही पाट्यांच्या पुढच्या-मागच्या बोल्टांपासून आणि पुढच्या सस्पेन्शनच्या दोन पक्क्या भोकांपासून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने फुल्या केल्या. गाडी न हलवता कर्ण मोजले. जमिनीवर जे चित्र उमटलं त्यात डावा पुढचा हँगर पुढे आणि वर सरकलेला स्पष्ट दिसत होता. डोळ्यांनी गाडीखाली झोपून जे कळत नव्हतं ते चार फुल्यांनी दाखवलं.

दाराच्या चौकटींना आतून लोखंडी पाइपचे टेकू दिले, म्हणजे कापल्यावर बॉडी झुकणार नाही. मग कापलं.

पेटीच्या आत काय निघालं असेल? वाळलेला काळा गाळ. दोन डबे भरून. त्यात प्लॅस्टिकची पिशवी होती, एक शर्टाचं बटण होतं. सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला त्या दिवसाचा चिखल अठरा वर्षं त्या पेटीत बसून होता. खालची पाणी जायची भोकं डांबराने बंद झालेली, त्यामुळे पावसाळ्यात तो भिजायचा आणि आतून पत्रा खायचा. पत्रा बाहेरून रंगासकट शाबूत दिसत होता.

बाबा त्या दिवशी शेडमध्ये आले होते. त्यांनी ते बटण खिशात टाकलं.

---

मीरा_दहिसर | ४ डिसेंबर, सकाळी ७:५५

गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण हा धागा रोज उघडून बघते. आमचं घर तेव्हा कलिन्याला होतं. बटणाचं वाचून गलबलून आलं.

---

टॅक्सीपुत्र | ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

गुल्ल्याचं सांगतो. बंद झालेल्या टॅक्स्यांचे अजून दोन-तीन सीएसटी रोडवर पडून आहेत, पण झपाट्याने वितळायला जातायत. घ्यायचा तर अख्खा घ्या, केसिंगसकट, क्राऊन आणि पिनियन वेगवेगळे उचलू नका. आणि टॅक्सीचं इंजिन काय होतं ते विचारा. डिझेल पद्मिनीचा गुल्ला न मोजता घेऊ नका, दात्यांचं प्रमाण तुमच्या पेट्रोल गाडीचंच असेल असं धरून चालू नका.

---

निळी_पद्मिनी | ४ डिसेंबर, सकाळी १०:०२

दाते मोजायला गुल्ला उघडावा लागेल ना?

---

अप्पा_लालबाग | ४ डिसेंबर, दुपारी १२:३०

सुटा असेल तर क्राऊनचे दाते समोरच दिसतात, खडूने एकावर खूण करून मोज, पिनियनचे मोज, भागाकार कर. तुझा गाडीत बसलेला असताना मोजायचा तर एक मागचं चाक जमिनीवर राहू दे, दुसरं उचल, गियर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोज. तेच तुझं प्रमाण. दोन फेरे का? एक चाक बांधलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊन एकदाच फिरतो.

टॅक्सीपुत्राचं खरं आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी बनवतात, दोघांवर एकच नंबर कोरतात. तो नंबर जुळला नाही तर हात लावू नकोस, माल कितीही चकचकीत असो. नवरा-बायकोसारखं असतं ते, एकमेकांची झीज ओळखीची झालेली असते.

आता तुझ्याकडे दोन गुल्ले आहेत ना? मूळचा टाकला नाहीस ना?

---

निळी_पद्मिनी | ४ डिसेंबर, दुपारी १२:४५

नाही अप्पा, मूळचा माळ्यावर गोणपाटात आहे.

---

अप्पा_लालबाग | ४ डिसेंबर, दुपारी १:१०

शाबास. रॉकेलमध्ये धू आणि दात्यांचे फोटो टाक. बॅटरीच्या उजेडात तिरका प्रकाश पाड.

---

निळी_पद्मिनी | १० डिसेंबर, रात्री ८:२०

फोटो टाकलेत. मूळ जोडीवर नंबर जुळतोय. दात्यांवर रेषा नाहीत, खड्डे नाहीत, एका बाजूला फिकट पट्टा आहे. पिनियनचं पुढचं बेअरिंग मात्र हाताने फिरवलं तर खरखरतं, रोलर्सवर गंजाचे ठिपके आहेत. भंगारातल्या दुसऱ्या गुल्ल्याचे दाते टोकाला खरवडल्यासारखे झालेत.

---

अप्पा_लालबाग | १० डिसेंबर, रात्री ९:००

फोटो तीन वेळा बघितले. तुझा मूळचा गुल्ला जिवंत आहे. २००५ ला ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवा जायच्या भोकातून) पाणी आत गेलं, तेलाचं ताक झालं, खालची बेअरिंगं गंजली. बेअरिंग ओरडत होतं, आणि दाते गेले असं समजून कुणीतरी सगळाच काढून टाकला. आपण याचीच बेअरिंगं बदलू.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो कागदावर उतरव आणि नागदेवीला जा. जुनं बेअरिंग बरोबर ने. सीलबंद खोक्यातलंच घे, कोरीव अक्षरं पुसट असतील तर दुकान बदल. रेस आणि कोन एकाच मेकचे. ऑइल सीलं, क्राऊनच्या बोल्टांच्या लॉक प्लेटा नव्या. पिनियनवर दबणारी बाही निघाली तर ती दुसऱ्यांदा वापरायची नाही. सीलं आणि फुटकळ सामान ऑपेरा हाऊसला मिळेल.

उघडताना बेअरिंगच्या कॅप्सवर सेंटर पंचाने खूण कर, डावी एक टिंब, उजवी दोन. अदलाबदल झाली तर गेलंच. पिनियनमागची शिम (पातळ चकती) मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेव, पहिल्या जुळणीला तीच परत टाकायची.

ब्रेकचा ड्रम उघडशील तेव्हा फुंकर मारू नकोस, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांधून टाक.

---

निळी_पद्मिनी | ७ जानेवारी २०२४, रात्री १०:३०

पत्र्याचं काम संपलं. लिहायला उशीर झाला, कारण मधे मिस्त्रींना ताप होता आणि दुसऱ्या कुणाच्या हाती ते काम द्यायला मन धजलं नाही.

डावी पेटी जवळजवळ पाऊण मीटर नवी झाली, १६ गेजच्या सीआर पत्र्याची, उजव्या पेटीवरून पुठ्ठ्याचा साचा काढून. हँगरच्या मागे आतून एक जादा पत्रा दिला, त्याची टोकं चौकोनी न कापता निमुळती केली, ही वागळेताईंची सूचना. जिथे मूळचे स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला आठ मिलीमीटरची भोकं पाडून ती भरून घेतली. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी झिंकचा प्रायमर.

पण खरं काम वेल्डिंगचं नव्हतंच. नवी पेटी आधी नुसती टाके (वेल्डचे कच्चे ठिपके) मारून धरली, मग पाटे आणि ॲक्सलचं रिकामं घर बसवलं, ओळंबे परत सोडले. पहिल्या दिवशी चार मिलीमीटर चुकलं. टाके तोडले. दुसऱ्या दिवशी दोन. तोडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्ण एका मिलीमीटरच्या आत जुळले, तेव्हा मिस्त्रींनी हातातला खडू खाली ठेवला, पाणी प्यायले आणि मग मशीन चालू केलं. त्यांना तीन दिवस तोडताना एकदाही चिडलेलं पाहिलं नाही.

पाटे वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ एकाकडे नेऊन परत कमानवून घेतले. डाव्याचं तिसरं पान तुटलेलं निघालं, बुश तर नावालाही उरले नव्हते.

---

वागळे_फॅब | ८ जानेवारी, सकाळी ८:४०

तीनदा टाके तोडणारा कारीगर मिळाला तुम्हाला, माझा नमस्कार सांगा त्यांना. दोन गोष्टी राहू देऊ नका. पाणी जायची भोकं परत पाडा आणि पेटीच्या आत मेण फवारा, लांब नळी घालून, दोन्ही टोकांकडून. डांबर नको. आणि पाट्यांच्या डोळ्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर उभी राहू दे, वजन बसू दे, मग आवळा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच धरले जातात आणि वर्षभरात फाटतात.

---

निळी_पद्मिनी | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

अप्पा आज शेडमध्ये आले! लालबागहून बसने, पिशवीत स्वतःचं डायल गेज आणि भाजीवाल्याचा स्प्रिंगकाटा घेऊन. परवानगी घेऊन लिहितोय.

पिनियन नव्या बेअरिंगांवर बसवल्यावर त्यांनी त्याच्या फ्लॅंजला दोरी गुंडाळली, दोरीला काटा लावला आणि हळू ओढला. किती ओढीला पिनियन फिरायला लागतं त्यावरून बेअरिंग किती दाबलं गेलंय ते कळतं. नट इवलासा आवळायचा, परत ओढायचं. नट जास्त आवळला गेला तर मागे फिरवून चालत नाही, बाही परत नवी टाकावी लागते, म्हणून अर्धा तास त्या एका नटाला दिला. मग क्राऊन बसवून दोन बाजूंच्या रिंगांनी सरकवत दात्यांमधली मोकळीक डायलवर बघितली. चार ठिकाणी मोजली, काटा सगळीकडे ०.१० ते ०.१२ मिलीमीटरमध्ये आला.

शेवटी दात्यांचा ठसा. अप्पांच्या काळात शेंदूर तेलात कालवून दात्यांना लावायचे. त्यात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही हा तिथला नियम. आज निळी पेस्ट वापरली. क्राऊन फडक्याने दाबून धरायचा आणि पिनियन फिरवायचं, म्हणजे ओझं पडल्यासारखा ठसा उमटतो. पहिला ठसा दात्याच्या आतल्या, निमुळत्या टोकाकडे आला. अप्पा म्हणाले, क्राऊन केसभर लांब सरकव. दुसरा ठसा मध्यावर, थोडा आतल्या टोकाकडे झुकलेला. "इथेच राहू दे, ओझं आलं की तो बाहेर सरकून मध्यावर बसतो." ठसा दात्याच्या माथ्यावर आला असता तर पिनियन क्राऊनकडे आणायला जाड शिम लागली असती, मुळाशी आला असता तर पातळ. आमच्या जुन्या शिमनेच काम झालं.

---

अप्पा_लालबाग | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

निवृत्तीनंतर बारा वर्षांनी हाताला ग्रीस लागलं. तुझ्या आईने पाठवलेल्या थालीपिठांबद्दल त्यांना सांग, उत्तम होती.

तेल ९० नंबरचं, हायपॉइड गियरसाठीचं, लेव्हल प्लगच्या तोंडाला येईपर्यंत. तेच तेल गियरबॉक्समध्ये ओतू नकोस, डब्यावर जीएल-५ असेल तर विशेषतः. आतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. ब्रीदर तारेने साफ कर आणि त्याला रबरी नळी लावून टोक वर डिकीच्या उंचीला ने. तुझं घर हिंदमाताला आहे, हे विसरू नकोस. पहिले पाचशे किलोमीटर शांत चालव, मग तेल काढ, यू बोल्ट परत आवळ, आणि तेलात काय आलं ते इथे लिही.

---

रोखठोक_अंधेरी | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

मेहुण्याची ॲम्बेसिडर ठाण्याला वागळेताईंकडे सोडली. प्लेट कापून काढली, खाली हात घातला तर पेटीच नव्हती. हा धागा वाचला नसता तर ती गाडी पुढच्या महिन्यात चार माणसं घेऊन महाबळेश्वरला निघाली होती.

---

निळी_पद्मिनी | १७ मार्च, रात्री ९:०५

५१२ किलोमीटर झाले. आज तेल काढलं. रंग गडद, पण दुधाळ नाही. लोहचुंबक फिरवला, त्यावर काजळासारखी मऊ राखाडी लुगदी आली, बोटांत चोळली तर खर लागत नाही. तुकडा, कपची काही नाही. यू बोल्ट पाव फेरा आवळले गेले. व्हीलबेस आज परत मोजला: उजवा २३३९, डावा २३३९.

आवाजाबद्दल खरं तेच लिहितो. ताशी ६० ला ॲक्सिलरेटर सोडल्यावर अगदी बारीक सूर ऐकू येतो, काचा बंद असतील तरच. ओढीवर काही नाही. ठक् गेला. क्रॉस दोन्ही नवे टाकले होते.

सकाळी बाबांना घेऊन कुर्ल्याला गेलो, प्रीमियर रोडने. जिथे कारखाना होता तिथे आता इमारती आहेत. बाबा मागच्या सीटवर डाव्या बाजूला, बरोबर त्या पेटीवर बसले होते. परत येताना म्हणाले, "आता डावीकडे झुकत नाही."

---

अप्पा_लालबाग | १७ मार्च, रात्री ९:४०

सोडल्यावरचा सूर जुन्या दात्यांच्या दुसऱ्या बाजूचा आहे, तो राहील, त्याने काही बिघडत नाही. वाढला तर मात्र लगेच कळव, पिनियनचा नट बघावा लागेल. पावसाळ्याआधी ब्रीदरची नळी एकदा तपास.